आईची हाक ऐकू येईल असे स्पीकर

सातारा जिल्ह्यातून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक वाचक लिहितो : मामांनी त्यांच्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप दिला, त्यात त्याने स्वतःच्या पैशांतून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड बसवलं. संध्याकाळी मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम, रविवारी एकट्याने गाड्यांच्या शर्यती किंवा गोष्टीचे गेम, असा त्याचा क्रम. आजवर सगळं हेडफोनवर चालायचं. पण तासाभरात कान घामेजून दुखतात आणि आईची हाक ऐकू येत नाही, यावरून घरात रोज वाद होतात. म्हणून आता स्पीकर घ्यायचे आहेत. सुट्टीत एका दुकानात काम करून ४,००० रुपये साठवले आहेत. मित्र म्हणतात, गेमिंगला ५.१ च हवं, म्हणजे शत्रू मागून आला तर मागूनच ऐकू येईल. दुकानदार म्हणतो, मोठ्या वूफरचा २.१ घे, म्हणजे दोन स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा डबा. वडील म्हणतात, पैसे पाण्यात घालतोयस. घर दोन खोल्यांचं आहे आणि कॉम्प्युटरच्याच खोलीत आजी झोपते. ऑनलाइन दिसलेल्या एका ‘१५०० वॅट’च्या संचाचे फोटो जोडून तो विचारतो, “काका, यातलं नेमकं काय घेऊ?”

वडिलांचं म्हणणं आधी निकालात काढू. स्पीकर नीट निवडले तर कॉम्प्युटर बदलला तरी ते सोबत राहतात, वर्षानुवर्षं चालतात. तुझ्या ग्राफिक्स कार्डाच्या नशिबी ते नाही. पण फोटोतल्यासारखा खोका भरवशावर उचललास, तर वडील बरोबर ठरायची बरीच शक्यता आहे. हे मी अनुभवाने सांगतोय.

२००६ साली भाड्याच्या खोलीत राहत असताना मी असाच एक ५.१ चा संच आणला होता. खोक्यावर चार आकडी वॅट, पाच डबे, एक भलामोठा वूफर. मागचे दोन डबे खिळे ठोकून भिंतीला टांगले, वायर दाराच्या चौकटीवरून फिरवली, घरमालकाची बोलणी खाल्ली. दोन-तीन महिन्यांनी एकदा मागच्या डब्याला कान लावून नीट ऐकलं, तेव्हा कळलं की त्यातून येतंय ते पुढच्या डब्यातलंच आहे, फक्त जरा हळू. संच बिघडलेला नव्हता, बनवलेलाच तसा होता. आता तो गणपतीत दहा दिवस बाहेर निघतो. आरतीला झकास वाजतो.

स्वस्त ५.१ संचांत हा प्रकार अजूनही बराच चालतो. ५.१ म्हणजे सहा वेगवेगळे आवाज : पुढचे दोन, मधला, मागचे दोन आणि वूफर. कॉम्प्युटरमधून ते साध्या वायरींनी न्यायचे तर तीन पिना लागतात. मागे सहा जॅक असलेल्या मदरबोर्डवर हिरवा जॅक पुढच्या स्पीकरांचा, काळा मागच्यांचा आणि केशरी मधल्याचा व वूफरचा असतो. आता संचाची पाठ बघायची. तिथे लाल-पांढऱ्या भोकांची एकच जोडी आणि बाकी ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, एफएम असा भरणा असेल, तर आत दोनच आवाज शिरतात आणि तेच पाच डब्यांत वाटले जातात. शत्रू मागून आला काय नि पुढून आला काय, त्या डब्यांना पत्ताच नसतो.

आणि ते १५०० वॅट! पाणी तापवायची कॉइल साधारण तेवढी वीज खाते. हा खोका मात्र दोन पिनांच्या बारीकशा वायरीवर चालतो, यातच काय ते समज. असे आकडे बहुधा पीएमपीओचे असतात, म्हणजे क्षणभरासाठी, कागदावर आणि छापणाऱ्याच्या मर्जीने काढलेले. बघायचा तो आरएमएसचा आकडा. सलग वाजताना स्पीकर किती वॅट देतो, ते त्यावरून कळतं.

तोही फार मोठा लागत नाही, आणि हे कुठलाच दुकानदार सांगत नाही. बऱ्यापैकी स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. कारखान्यात आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या कानांना ज्या पातळीपासून जपायचं असतं, ती ही पातळी. तू टेबलाशी बसलास की स्पीकर तुझ्यापासून मीटरभरसुद्धा लांब नसतो. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॅट दहापट करावे लागतात. ज्यांच्या आतला थरथरणारा पडदा लहान, असे स्पीकर जरा मंद असतात हे धरूनही, टेबलावर बसून खेळणाऱ्याला प्रत्येक बाजूला पाच-दहा खरे वॅट म्हणजे चैन आहे.

मित्रांच्या म्हणण्यात मात्र अर्धं तथ्य आहे. दिशा कळणं खेळात महत्त्वाचंच. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी पोचतो आणि उजव्यात किंचित मागाहून. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, तरी मेंदू तो पकडतो. पुढून की मागून, वरून की खालून, हे कळायला कानाच्या बाहेरच्या भागावरची वळणं मदत करतात, कारण त्यांवर आपटून आवाजाचा पोत बदलतो. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ नावाचा पर्याय आहे, तो याचीच नक्कल करतो आणि पाठीमागची पावलं पाठीमागे वाटायला लावतो. पण ही करामत हेडफोनवरच जमते. तिथे डाव्या कानात काय चाललंय ते उजव्याला कळत नाही. स्पीकरवर डावीकडचा आवाज उजव्या कानातही शिरतो आणि सगळी नक्कल फिसकटते.

म्हणजे चार हजारच काय, चाळीस हजार घातलेस तरी टेबलावरचे दोन स्पीकर रँक्ड मॅचमध्ये, म्हणजे क्रमवारी ठरवणाऱ्या मॅचमध्ये, तुझ्या आत्ताच्या हेडफोनची जागा घेणार नाहीत. खरंखुरं ५.१ नीट मांडलं तर थोडंफार जमेल, पण त्यातला मागचा एक स्पीकर आजीच्या उशाशी येईल.

तू गृहीत धरलं आहेस की हेडफोन सोडायचा आणि स्पीकर घ्यायचा. सोडायचा कशाला? संध्याकाळच्या मॅचला हेडफोन ठेव. रविवारच्या शर्यती, गोष्टीचे गेम, गाणी, कॉलेजचे व्हिडिओ यांना स्पीकर. असं वाटून घेतलंस की स्पीकरकडून दिशेची अपेक्षा उरत नाही, ते फक्त कानाला गोड आणि स्वच्छ वाजले की पुरे. तेवढं काम चार हजारांच्या आत होतं. कान दुखतात त्याचंही बघ. बहुतेक स्वस्त हेडफोनच्या गाद्या रेग्झिनच्या असतात, घाम त्यांच्यामुळेच येतो. सुती कापडाची कव्हरं मिळतात, नाहीतर आजीकडून शिवून घे.

आईबद्दल एक विचारतो. तिची तक्रार हाक ऐकू येत नाही ही आहे, की हाकेला ओ मिळत नाही ही? स्पीकर लावलेस की हाक ऐकू येईल, कबूल. पण ऑनलाइन मॅच मधेच थांबवता येत नाही. ऐकू येऊनही “आलो गं, दोन मिनिटं” म्हणत अर्धा तास काढलास, तर आत्ताचं भांडण बरं होतं म्हणायची पाळी येईल. आत्ता निदान ‘ऐकलंच नाही’ ही सबब तरी आहे! त्यापेक्षा मॅच लावण्यापूर्वी स्वयंपाकघरात डोकावून विचार, “पाऊण तास बसतोय, त्याआधी काही आणायचंय का?” फुकट आहे आणि कुठल्याही स्पीकरपेक्षा जास्त चालतं. आमच्या घरी तरी चाललं.

आणखी एक, ज्याचा तू विचार केलेला दिसत नाही. स्पीकरवर नुसता गेम ऐकू येत नाही, टीममधली पोरंही ऐकू येतात. त्यांची भाषा आजीच्या कानी पडावी असं तुला वाटत नसणार. शिवाय स्पीकरचा आवाज तुझ्या माइकमध्ये शिरून मित्रांना घुमून परत ऐकू जाईल. स्पीकरवर खेळायचंच झालं तर बटण दाबलं तरच माइक चालू होईल अशी सेटिंग ठेव. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर बोलत असाल तर त्याचा आवाज वेगळा हेडफोनकडे वळवता येतो.

आता दुकानदाराचा मोठा वूफर. खोलीचं माप तू लिहिलेलं नाहीस, मी दहा बाय दहा धरतो. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज त्यांच्यामध्ये घुमत राहतो, कारण त्या आवाजाच्या लहरीची निम्मी लांबी बरोबर दहा फूट भरते. खोली चौरस असली की दोन्ही बाजूंनी तोच सूर घुमतो. वूफर कोपऱ्यात सरकवला, आणि लहान खोलीत तो कोपऱ्यातच सरकतो, की आणखी जोर चढतो. मग बॉम्ब असो, ट्रकचं इंजिन असो की ढोल, सगळ्याचं एकच ‘ढूम्म’ होतं. वर खर्जाची खोड अशी की तो आपल्याहून वरच्या सुरांना झाकतो. पावलांची चाहूल, बंदुकीचं मॅगझिन बदलल्याचा खटका असले बारीक आवाज त्याच्याखाली गडप होतात. आणि भिंतीपलीकडे सगळ्यात सहज तोच जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. पण तो नियम काढायची वेळ यायच्या आत शेजारच्या काकूच दारात उभ्या राहतील.

सगळेच २.१ वाईट असतात असं नाही. वूफरच्या आवाजाची कळ वेगळी असेल, ती अर्ध्याच्या खाली ठेवायची तयारी असेल आणि खोली तुझ्या एकट्याची असेल, तर खुशाल घे. तुझ्या बाबतीत तिसरी अट बसत नाही. शिवाय त्याच किमतीत पैसे तीन खोक्यांत वाटले गेले की बाजूचे दोन स्पीकर बहुधा चिमुकले, प्लॅस्टिकचे निघतात, आणि माणसांचं बोलणं तर त्यांच्यातूनच यायचं असतं.

बाजारात जाण्याआधी माळ्यावर चढ. वडिलांच्या नाहीतर मामांच्या तरुणपणीची कॅसेट-सीडीवाली म्युझिक सिस्टीम पुष्कळ घरांत धूळ खात असते. कॅसेटचा पट्टा तुटला असेल, सीडी वाचत नसेल, तरी आपलं अडत नाही. आपल्याला तिचा अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर हवेत. मागे ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन इन’ लिहिलेली लाल-पांढरी जोडी असेल (इथे एकच जोडी चालते, स्पीकरही दोनच आहेत), तर एका टोकाला साडेतीन एमएमची पिन आणि दुसऱ्या टोकाला त्या लाल-पांढऱ्या भोकांत बसणाऱ्या दोन पिना (आरसीए) असलेली वायर आण. शे-दोनशेत काम होतं. पुढची जाळी काढून स्पीकरच्या पडद्याची कड तपास. तिथला फोम बोट लावताच भुगा होत असेल तर त्या स्पीकरच्या नादी लागू नकोस. आवाजाची कळ फिरवताना खरखर आली तर मात्र घाबरायचं कारण नाही, दुरुस्तीवाला कॉन्टॅक्ट क्लीनर मारून देईल. अशी सिस्टीम निघाली तर चार हजारांतले जवळजवळ सगळे वाचले, आणि नव्या स्वस्त स्पीकरांपेक्षा आवाज बहुधा भरदारच असेल.

माळ्यावर काही नसेल तर साधी दोन स्पीकरांची जोडी, म्हणजे २.०, घे. यात दोन जाती. एक यूएसबीवर चालणारी. तिच्या मर्यादा आधी समजून घे. यूएसबी २.० चा पोर्ट प्रमाणानुसार अडीच वॅट देतो, ३.० चा साडेचार. तेव्हा साध्या यूएसबी पोर्टवर चालणाऱ्या जोडीवर ‘४० वॅट’ छापलेलं दिसलं की ती खाली ठेवायची. प्रामाणिक आकड्याचं उदाहरण म्हणून क्रिएटिव्हची मूळ पेबल जोडी बघ. दोन इंचांचे पडदे, कानाच्या दिशेने ४५ अंश वर वळवलेले आणि कंपनी स्वतःच आरएमएस ४.४ वॅट सांगते. खर्ज बेताचाच, पण बोलणं स्वच्छ. तुझ्या खोलीला आणि आजीला झेपेल असा तो आवाज आहे. भाव सेलप्रमाणे खालीवर होतो, तरी तुझ्या बजेटच्या बराच आत राहतो.

दुसरी जात भिंतीतल्या सॉकेटवर चालणारी, तीन-चार इंची पडद्यांची. आवाजात खरा फरक इथे पडतो. एडिफायरची आर १२८० टी मला आवडते. चार इंची वूफर, वरच्या सुरांसाठी वेगळा ट्वीटर, ४२ वॅट आरएमएस, बाजूला बेस-ट्रेबलच्या कळा. नवी घ्यायची तर तुझं बजेट पुरणार नाही. वापरलेली मिळाली तर बघ, पण स्वतः जाऊन दोन्ही स्पीकर वाजवून पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नकोस.

ब्लूटूथचा मोह टाळ, निदान खेळायला. साध्या ब्लूटूथवर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. सेकंदाला ६० चित्रं धरली तर दोनशे मिलिसेकंद म्हणजे बारा चित्रं. गोळी लागून माणूस खाली पडतो आणि मग बंदूक वाजते. मॉनिटरखाली ठेवायच्या छोट्या साउंडबारमध्येही मला राम वाटत नाही, कारण डावा आणि उजवा फूट-दीड फुटांवर असले की स्टिरिओ नावालाच उरतो. रंगीबेरंगी दिवे लावून ‘गेमिंग’ लिहिलेल्या स्पीकरांत दिव्यांचे पैसे तूच देतोस, एवढं लक्षात ठेव.

साताऱ्यात दुकानं आहेतच. पुण्याला येणं झालं तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास फिर, मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जातात. फोनमध्ये तीन गोष्टी भरून ने : तोंडपाठ असलेलं एक गाणं, कुणाचं तरी साधं बोलणं आणि तुझ्या खेळाचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. दुकानदार आवाज मोठा करून दाखवील. तू हळू करायला सांग. घरी रात्री ज्या आवाजात ऐकणार आहेस, त्या आवाजात शब्द स्पष्ट आले पाहिजेत. हळू आवाजात खर्ज गेल्यासारखा वाटेल, तो स्पीकरचा दोष समजू नकोस. आपला कानच तसा आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी ते १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं.

घरी आणल्यावर मांडणीत वेळ घाल. बहुतेक लोक स्पीकर मॉनिटरच्या मागे, भिंतीला चिकटवून ठेवतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. दोन स्पीकर टेबलाच्या दोन टोकांना ठेवायचे आणि तुझं डोकं तिसरा कोपरा धरून तिन्ही बाजू साधारण सारख्या भरतील असं बसायचं. पडदे कानाच्या उंचीला किंवा कानाकडे वळलेले हवेत. जाड वह्या खाली घातल्या की काम होतं. मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर ठेव. खोली घुमत असेल तर तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी टांग. तिने खर्ज आवरत नाही, पण वरच्या सुरांचा कर्कशपणा बराच बसतो.

पिन सीपीयूच्या पुढच्या जॅकमध्ये लावू नकोस. तिथे बऱ्याचदा आतल्या वायरींची किरकिर शिरते. मागचा हिरवा जॅक वापर. एकसारखी ‘हूंऽऽ’ अशी गुरगुर येत असेल तर कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घे आणि घराचं अर्थिंग तपासून घे. गुरगुर थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन कापायचा सल्ला कुणी तरी देईलच. तो अजिबात ऐकू नकोस.

रात्रीसाठी विंडोजमध्ये एक युक्ती आहे. साउंडच्या सेटिंगमध्ये, ड्रायव्हरने सोय दिली असेल तर, ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ नावाचा पर्याय सापडेल. तो बारीक आवाज वर उचलतो आणि मोठे आवाज दाबतो. म्हणजे संवाद ऐकू येतात, पण स्फोटाने आजी दचकून उठत नाही. दिवसा तो बंद ठेव, गाण्यांचा जीव जातो.

हेडफोन चालू ठेवणार आहेस म्हणून कानांचंही सांगतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा मानते. आवाज त्याहून वाढला की तास झपाट्याने कमी करावे लागतात. हेडफोन घालून बसला असताना हातभर अंतरावरचा माणूस नेहमीच्या आवाजात बोललेला अजिबात कळत नसेल, तर आवाज बहुधा जास्त आहे. ही परीक्षा आईकडूनच करून घे.

तर तुझ्या जागी मी असतो तर माळा धुंडाळला असता. काही न निघाल्यास दोन-अडीच हजारांपर्यंतची साधी जोडी, हेडफोनला सुती कव्हरं, आणि उरलेले पैसे तसेच ठेवले असते. वडिलांना किंमत सांगण्यापूर्वी त्यांच्या आवडीचं एखादं जुनं गाणं त्यांना त्या स्पीकरवर ऐकव.

ता.क. तू पाठवलेला संचाचा फोटो मोठा करून पाहिला. मागे लाल-पांढरी एकच जोडी आहे.